ब्राझीलला निघण्याआधी

ब्राझीलचा बेत बहुतेकदा नकाशावरच फसतो. दहा दिवसांची सुट्टी मिळाली, की त्यात रिओ, इग्वासूचा धबधबा, अ‍ॅमेझॉनचं जंगल आणि जमलंच तर साल्वादोर असं सगळं बसवलं जातं. व्यापारी मंडळींचं गणितही असंच असतं. तिथे एक डिस्ट्रिब्युटर नेमायचा, मग माल देशभर आपोआप पोचेल. हा देश ८५ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे. दक्षिण अमेरिकेचा जवळजवळ निम्मा भाग त्याने व्यापला आहे, आणि चिली व इक्वेडोर सोडले तर त्या खंडातल्या प्रत्येक देशाशी त्याची सीमा लागते. साओ पावलोहून मनौसला विमानाने चार तास लागतात. रस्त्याने जायचं म्हटलं, तर मनौसला दक्षिणेशी जोडणाऱ्या महामार्गाचा मधला मोठा पट्टा आजही कच्चा आहे आणि पावसाळ्यात तिथे चिखलच असतो. मनौसचा माल बार्जवर चढून नदीने बेलेंपर्यंत जातो आणि मग पुढच्या रस्त्याला लागतो.

म्हणून प्रवासी असा की व्यापारी, माझा आग्रह एकच आहे. आधी एक कोपरा निवडा. बाकीचा ब्राझील दुसऱ्या खेपेला.

कोपरा निवडायचा तर हवामान कळायला हवं. विषुववृत्त या देशाच्या उत्तरेतल्या माकापा शहरातून जातं आणि मकरवृत्त साओ पावलो शहराच्या उत्तर सीमेजवळून. देशाचा बहुतेक भाग या दोन रेषांच्या मध्ये येतो, त्यामुळे उष्ण कटिबंधाचा देश ही ओळख खरीच. पण मकरवृत्ताच्या खाली सांता कातारिना आणि रिओ ग्रांदे दो सुल ही राज्यं आहेत. तिथे जून-जुलैत दहिवर गोठतं, आणि उंचावरच्या गावांत एखाद्या वर्षी बर्फही पडतो. ऋतू आपल्या उलट. शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते, तेव्हा रिओचे किनारे माणसांनी भरून जातात, हॉटेलांचे दर चढतात आणि दुपारनंतर जोराचा पाऊस येतो.

अ‍ॅमेझॉन पाहायचं असेल तर नदीचं पाणी कुठे आहे ते विचारा. मनौसपाशी रिओ नेग्रोची पातळी वर्षभरात दहा मीटरहून जास्त वरखाली होते. जूनच्या आसपास पाणी सर्वांत चढलेलं असतं. तेव्हा जंगल बुडालेलं असतं आणि होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी वाळूचे किनारे उघडे पडतात आणि पायी फिरता येतं. दोन्ही पाहण्यासारखं आहे, पण ते एकाच वेळी दिसत नाही. मनौसच्या खाली रिओ नेग्रोचं काळसर पाणी आणि सोलिमोइंसचं गढूळ पिवळं पाणी काही किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतं. ते मात्र बारमाही दिसतं.

प्राणी पाहायची हौस असणाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनच्या ऐवजी पांतानालला जावं, हे मी ठामपणे सांगेन. जंगलात प्राणी भरपूर असतात, पण पानांच्या आड. पांतानाल ही उघडी पाणथळ जमीन आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये पाणी आटतं, तेव्हा सगळे जीव उरलेल्या पाण्याभोवती जमतात. जॅग्वार दिसण्याची सर्वांत चांगली संधी पोर्तो जोफ्रेच्या नद्यांवर याच दिवसांत मिळते. उत्तरेकडच्या मारान्याओ राज्यात लेंसोइस मारान्येन्सेस नावाच्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांच्यामधली तळी पावसाच्या पाण्याने भरतात, त्यामुळे तिथे जायचं ते जून ते सप्टेंबर. डिसेंबरात गेलात तर बरीच तळी कोरडी सापडतील.

मराठी माणसासाठी ईशान्येचा कोपरा मला सर्वांत जवळचा वाटतो. त्याला कारण आहे. १५०० साली पेद्रो आल्वारेस काब्राल पोर्तुगालहून निघाला तो भारताला येण्यासाठी. वाटेत पश्चिमेकडे फार सरकला आणि २२ एप्रिलला आजच्या बाहिया राज्याच्या किनाऱ्याला लागला. तिथून निघून त्याच वर्षी त्याचं आरमार कालिकतला पोचलं. पुढे १५१०मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं आणि दोन्ही किनारे एकाच राज्याच्या जहाजांनी जोडले गेले. काजू, अननस, पेरू तिकडून आपल्याकडे आले. आंबा, फणस आणि नारळ आपल्या समुद्राकडून तिकडे गेले. फणस तर रिओच्या तिजूका जंगलात इतका माजला, की तिथले वनाधिकारी त्याला उपद्रवी झाड मानतात. कॉफीच्या मळ्यांनी उघड्या पडलेल्या त्या डोंगरांवर १८६१पासून पुन्हा झाडं लावली गेली. आज शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या जंगलात फिरताना कोकणातल्या माणसाला झाडं ओळखीची वाटतात.

काजूच्या बाबतीत तर तिथे जाऊन शिकण्यासारखं आहे. नाताल शहराजवळ पिरांजी इथे काजूचं एकच झाड आहे. त्याच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा मुळं धरत गेल्या आणि ते एक झाड साडेआठ हजार चौरस मीटरच्या आसपास पसरलं. पर्यटक ते पाहून फोटो काढतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट बाजारात दिसते. सेआरा आणि पियाउई राज्यांत लोकांना काजूच्या बोंडाचं मोल बीइतकंच असतं. बोंडाचा रस बाटलीत, डब्यात, गोठवलेल्या पाकिटात मिळतो आणि तो देशभरातल्या दुकानांत असतो. पियाउईत त्याच रसातला तुरटपणा काढून, गाळून आणि बाटलीतच तापवून ‘काजुईना’ नावाचं सोनेरी, स्वच्छ, बिनदारूचं पेय करतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हंगामात बोंडांचे ढीग बागेत कुजतात आणि गोव्यात त्यातली काही फेणीच्या भट्टीला लागतात. काजूप्रक्रियेत असलेल्या प्रत्येकाने सेआरातल्या फोर्तालेझाची एक फेरी मारून बोंड तोडल्यापासून कारखान्यात जाईपर्यंतची साखळी पाहावी. तोडणी आणि गाळप यांच्यात किती कमी वेळ जातो, यावर सगळं अवलंबून आहे.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा लागतो. मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे. व्यापारासाठी जात असाल तर पर्यटक व्हिसावर वेळ मारून नेऊ नका, निमंत्रणपत्र मागवून योग्य प्रकारचाच व्हिसा घ्या. पिवळ्या तापाची लस मात्र लोक हमखास विसरतात, कारण तिची खरी गरज येताना पडते. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि गर्दीच्या दिवसांत तारीख लवकर लागत नाही, म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात नंबर लावा. वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मंडळींनी आधी डॉक्टरांशी बोलावं, ही लस सगळ्यांना चालतेच असं नाही.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, अदिस अबाबा किंवा युरोपमार्गे जावं लागतं. दारापासून दारापर्यंत पूर्ण दिवस मोडतो. साओ पावलो आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. म्हणजे तिथे ऑफिस उघडतं तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. व्यवहार करणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं. तुमच्याकडे रोज संध्याकाळचे दोन-तीन तासच त्यांच्याशी बोलायला असतात.

इंग्रजीवर भिस्त ठेवू नका. साओ पावलोच्या मोठ्या हॉटेलात ती चालेल, बसस्थानकावर चालणार नाही. हा पोर्तुगीज बोलणारा देश आहे. तिथे स्पॅनिशमध्ये बोलत सुटलं की लोक समजून घेतात, पण सुखावत नाहीत. शिवाय इथल्या माणसांत आफ्रिकी, युरोपीय, मूळनिवासी, जपानी, लेबनानी अशी सगळी मिसळ आहे. त्यामुळे आपला चेहरा तिथे परका वाटत नाही. रस्त्यावर कुणीही तुम्हाला स्थानिक समजून पोर्तुगीजमध्ये पत्ता विचारील. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज येणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे महिनाभर बसलात तरी खूप काम होईल. उच्चार थोडे वेगळे लागतील, इतकंच.

तिथलं चलन रेआल. रोख थोडीच ठेवा, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. स्थानिक लोक मात्र ‘पिक्स’ वापरतात. ही आपल्या यूपीआयसारखी, त्यांच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू केलेली पद्धत आहे. तिला स्थानिक बँकखातं लागतं. दुकानात पैसे देताना तुम्हाला ‘सीपीएफ?’ असं विचारतील. हा तिथला करदात्याचा क्रमांक, आपल्या पॅनसारखा. तो नसला तरी खरेदी होते, पण बसची तिकिटं, देशांतर्गत विमानांची काही संकेतस्थळं आणि मोबाईलचं सिम या क्रमांकावर अडतात. वारंवार जाणार असाल तर कॉन्सुलेटमार्फत तो काढून घ्या. परदेशी नागरिकालाही मिळतो.

विजेचं एक नीट बघा. काही शहरांत घरात १२७ व्होल्ट येतो, काहींत २२०. रिओ आणि साओ पावलोत सहसा १२७, ब्राझिलियात आणि ईशान्येच्या बऱ्याच शहरांत २२०. फोनचा चार्जर दोन्हीवर चालतो. बाकीची उपकरणं लावण्याआधी सॉकेटवरचा आकडा वाचा. यंत्रं विकणाऱ्यांसाठी तर ही बाब पहिल्या कोटेशनमध्येच लिहायची आहे. तिथला विद्युतप्रवाह ६० हर्ट्झचा आहे, आपला ५०चा. मोटार त्यानुसार हवी.

शाकाहारी माणसाचं कसं होणार, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर आहे किलोवरच्या जेवणाची हॉटेलं. दुपारी प्रत्येक शहरात ती उघडी असतात. ताट घ्यायचं, मांडलेल्या पदार्थांतून हवं ते वाढून घ्यायचं आणि काट्यावर ठेवायचं. वजनाप्रमाणे चिठ्ठी मिळते किंवा हातातल्या कार्डावर नोंद होते, पैसे बाहेर पडताना द्यायचे. ती चिठ्ठी जपा, हरवली तर दंड लावतात. भात, बीट, गाजर, पालेभाजी, भोपळा, तळलेली केळी, पपई, सगळं समोर दिसतं, त्यामुळे भाषेवाचून काम होतं. घेवड्याची उसळ मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. साओ पावलोत ती तपकिरी दाण्यांची, रिओत काळ्या दाण्यांची, आणि दोन्हीकडे तिच्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे शिजवलेले असतात. कसाव्याच्या भाजलेल्या पिठाची फारोफाही तशीच. ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही, कारण कोंबडी, मासा आणि हॅम यांना अनेकजण मांसात धरत नाहीत. चारही नावं घेऊन नाही म्हणा. न्याहारीला रस्त्याच्या कडेला तापिओका मिळते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचं ओलसर पीठ तव्यावर पसरून तिचा घडीचा पोळा करतात, आत चीज किंवा ओलं खोबरं. उपासाच्या दिवशीही पोट भरेल. ‘पाव दि केइजू’ नावाचे चीजचे गोल पावही याच पिठाचे असतात, पण त्यात अंडं असतं.

सुरक्षिततेबद्दल भीती घालणारं बरंच बोललं जातं. मुख्य धोका फोनचा आहे. साओ पावलोच्या फुटपाथवर सायकल किंवा मोटरसायकलवरून येणारे चोर हातातला फोन उचलून नेतात. पत्ता पाहायचा असेल तर दुकानात शिरा, मग फोन काढा. गाडी बोलवायची ती रस्त्यावर उभं राहून नव्हे, इमारतीच्या आत थांबून. किनाऱ्यावर गरजेपुरते पैसे न्या. आणि कुणी चाकू किंवा पिस्तूल दाखवलं तर झटापट न करता वस्तू देऊन टाका. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिकेचा १९२. सरकारी रुग्णालयात तातडीचे उपचार परदेशी माणसालाही मोफत मिळतात, ही त्या देशाची फार मोठी गोष्ट आहे. हातवाऱ्यांचंही भान ठेवा. अंगठा वर करून दाखवला की तिथे ‘सगळं छान’ असा अर्थ होतो. मात्र अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’चं वर्तुळ करू नका, ती शिवी आहे.

व्यापाऱ्यांनी कोपरा निवडताना आधी साखर पाहावी, कारण महाराष्ट्राचा ब्राझीलशी रोजचा संबंध तिच्यातून येतो, मग आपण तिथे जावो न जावो. साखर निर्यातीत ब्राझील जगात पहिला. त्याच्या मध्य-दक्षिण पट्ट्याचा गाळप हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतो. आपले कारखाने ज्या सुमारास बंद होतात त्या सुमारास त्यांची धुराडी पेटतात. तिथले बहुतेक मोठे कारखाने एकाच उसापासून साखर किंवा इथेनॉल, जे परवडेल ते जास्त करू शकतात. १९७५च्या ‘प्रोआल्कोल’ योजनेने याचा पाया घातला. २००३पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि निवड ग्राहकाच्या हातात गेली. पंपावर उभा असलेला माणूस आजही मनात एक हिशेब करतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. त्या पेट्रोलमध्येही ऑगस्ट २०२५पासून ३० टक्के इथेनॉल आहे. खनिज तेल महागलं, की त्यांचा ऊस इथेनॉलकडे वळतो, जगाच्या बाजारात साखर कमी येते आणि कोल्हापूर-सांगलीच्या साखरेला बाहेर बरा भाव मिळतो. तेल उतरलं की उलट. साखर कारखान्याच्या संचालकांनी साओ पावलो राज्यातल्या रिबेराओ प्रेतोचा परिसर पाहावा. एप्रिल-मेच्या सुमारास तिथे ‘अ‍ॅग्रीशो’ हे शेतीयंत्रांचं प्रचंड प्रदर्शन भरतं आणि शेजारच्या सेर्ताओझिन्योत ऑगस्टमध्ये ‘फेनासुक्रो’ हे साखर-इथेनॉल उद्योगाचं. कारखान्यासाठी यंत्रं, सुटे भाग, रसायनं बनवणाऱ्या आपल्या लहान उद्योजकांना गिऱ्हाईक भेटण्याची ती खरी जागा आहे.

सोयाबीन आणि मका यांचा कोपरा म्हणजे मातो ग्रोसो. पन्नास वर्षांपूर्वी तिथली ‘सेर्रादो’ म्हणवणारी माळजमीन आम्लयुक्त आणि निकामी समजली जाई. १९७३मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी कृषी संशोधन संस्थेने चुना घालून जमीन सुधारण्याची आणि उष्ण प्रदेशात वाढणाऱ्या सोयाबीनच्या वाणांची पद्धत बसवली. जंगल आणि माळ यांची त्यात मोठी हानी झाली, हेही तितकंच खरं. आपल्याकडे येणाऱ्या सोयाबीन तेलाचा एक भाग तिथला असतो आणि गेल्या काही वर्षांत उडीदही तिथून येऊ लागला आहे. ब्राझिली माणूस स्वतः उडीद खात नाही, तो फक्त भारतासाठी पेरला जातो. त्यामुळे डाळ आयात करणाऱ्याने पेरणीआधीच बोलणी करावीत. आपलं आयात धोरण मध्येच बदललं तर तिथल्या शेतकऱ्याला दुसरा ग्राहक नसतो, आणि एकदा पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी पेरत नाही.

मनौसचा कोपरा वेगळाच. जंगलाच्या मधोमध मुक्त व्यापार क्षेत्र, आणि १९६७पासून तिथे करांच्या सवलती. ब्राझीलमधल्या जवळजवळ सगळ्या मोटरसायकली तिथे जुळवल्या जातात. होंडाचा कारखाना १९७६पासून आहे, आणि पुण्याच्या बजाज ऑटोने २०२४मध्ये तिथेच कारखाना सुरू केला. नकाशावर आडबाजूला दिसणारी जागा करांमुळे परवडते, हे ब्राझीलमध्ये वारंवार घडतं.

तेव्हा करांकडे. आयातशुल्क हा तिथला फक्त पहिला कर. त्यावर केंद्राचा औद्योगिक उत्पादन कर, सामाजिक योगदानाचे दोन कर, समुद्रमार्गे आलं तर भाड्यावरची पट्टी, आणि शेवटी राज्याचा ‘आयसीएमएस’. हा शेवटचा कर स्वतःवरही लागतो. दर १८ टक्के असेल तर आपण १०० वर १८ मिळवतो. तिथे १०० ला ०.८२ने भागतात आणि उत्तर येतं १२१.९५. कोटेशन देताना हा फरक कळला नाही, तर तुमचा माल दुकानात किती किमतीला जाणार याचा अंदाज चुकतो आणि ग्राहक का गप्प झाला ते समजत नाही. डिसेंबर २०२३च्या घटनादुरुस्तीने ही सगळी करपद्धत बदलायला घेतली आहे. २०२६ ते २०३३ एवढा लांब संक्रमणकाळ आहे, म्हणजे काही वर्षं जुने आणि नवे कर शेजारी शेजारी असतील. तिथला चांगला करसल्लागार या काळात विक्री प्रतिनिधीइतकाच मोलाचा आहे.

आयातदार निवडताना त्याला पहिला प्रश्न विचारा, ‘रादार’ आहे का? हा त्यांच्या महसूल खात्याचा आयातीचा परवाना. त्याच्या श्रेणीनुसार ठरावीक काळात किती रकमेची आयात करता येईल याची मर्यादा ठरते. गोड बोलणारा आणि मोठी ऑर्डर देणारा खरेदीदार त्या मर्यादेत बसत नसेल, तर माल बंदरात अडकेल. दुसरा प्रश्न त्याच्या ‘सीएनपीजे’चा, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचा. तो बिल ऑफ लेडिंगवर छापलेला असावाच लागतो, मालाच्या ‘एनसीएम’ कोडचे आकडेही. हा आठ अंकी कोड आहे, त्यातले पहिले सहा आपल्या एचएस कोडशी जुळतात, शेवटचे दोन त्यांचे. ते आयातदाराकडून लेखी मागवा. कागदातल्या चुकीला तिथे दंड आहे आणि दुरुस्तीला दिवस लागतात. तोवर सांतोस बंदरात कंटेनरचं भाडं चढत राहतं.

औषधं, वैद्यकीय उपकरणं, सौंदर्यप्रसाधनं असतील तर ‘अन्विसा’ या आरोग्य नियामक संस्थेची नोंदणी लागते, वनस्पतिजन्य खाद्यपदार्थ आणि कीटकनाशकांसाठी कृषी मंत्रालय, खेळणी आणि घरगुती विद्युत उपकरणांसाठी ‘इनमेत्रो’ ही मानक संस्था, ब्लूटूथ किंवा वायफाय असलेल्या वस्तूंसाठी ‘अनातेल’ ही दूरसंचार नियामक संस्था. औषधाची नोंदणी परदेशी कंपनीच्या नावावर होत नाही, स्थानिक कंपनीच्या नावावर होते. हा धागा नीट लक्षात घ्या. वितरकाच्या नावावर नोंदणी केलीत आणि दोन वर्षांनी बिनसलं, तर नोंदणी त्याच्याकडे राहते आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. नोंदणी धरून ठेवणारी आणि माल विकणारी संस्था वेगवेगळी ठेवण्याची सोय तिथे पैसे देऊन मिळते. महाग वाटली तरी घ्यावी.

भारत आणि ब्राझील ज्यात आहे तो मेर्कोसूर व्यापारगट यांच्यातला सवलतीचा करार १ जून २००९पासून लागू आहे. त्यात दोन्ही बाजूंनी जेमतेम साडेचारशे वस्तू आहेत आणि बऱ्याच वस्तूंवर सवलत दहा किंवा वीस टक्केच. तरीही आपली वस्तू यादीत आहे का ते पाहा. असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय माल पाठवू नका.

तिथल्या माणसाशी व्यवहार मात्र आपल्याला जमण्यासारखा आहे. पहिल्या बैठकीत साखर घातलेली छोटी कॉफी येते, घरच्यांची चौकशी होते, फुटबॉल निघतो. दर विचारायची घाई केलीत तर माणूस आक्रसतो. ई-मेलला उत्तर येत नाही म्हणून हिरमुसू नका, तिथला धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, आणि तोही बोललेल्या संदेशांवर. ठरलेलं सगळं नंतर लेखी करून पाठवा. कार्निव्हलच्या आठवड्यात आणि २० डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कुठलाही निर्णय अपेक्षू नका. उधारी लांब मागतात, तीन-तीन महिन्यांची. नव्या ग्राहकाला ती देताना ‘ईसीजीसी’ या आपल्या निर्यात पतविमा कंपनीचं विमासंरक्षण घ्या आणि दर डॉलरमध्ये बांधा, कारण रेआल बराच हलतो.

कमिशनवरचा प्रतिनिधी नेमणार असाल, तर सही करण्याआधी तिथल्या वकिलाला कागद दाखवा. १९६५चा ४८८६ क्रमांकाचा कायदा अशा प्रतिनिधीला भक्कम संरक्षण देतो. सबळ कारण नसताना त्याला काढलं, तर त्याने सगळ्या काळात मिळवलेल्या एकूण कमिशनच्या किमान बाराव्या हिश्श्याइतकी भरपाई द्यावी लागते. करारात तसं लिहिलं नसलं तरीही. दहा वर्षं चांगलं काम केलेल्या माणसाच्या बाबतीत ही रक्कम मोठी होते. स्वतःच्या नावावर माल विकत घेऊन पुढे विकणाऱ्या वितरकाला हा कायदा त्याच रीतीने लागत नाही, म्हणून दोन्हींपैकी कोण नेमतोय हे शीर्षकापासून स्पष्ट असावं. आणि क्षेत्र लिहिताना ‘संपूर्ण ब्राझील’ लिहू नका. साओ पावलो राज्य लिहा, किंवा पाराना, किंवा जे निवडलं असेल ते. बाकीच्या पंचवीस राज्यांसाठी आणि राजधानीच्या जिल्ह्यासाठी दुसरी माणसं भेटतील.